सरखेलाची न्याहारी

मांजराला शुगर होते, यावर भागीरथीबाईंचा विश्वास बसायला तीन आठवडे लागले. माणसांना होते हे त्या जाणून होत्या. सासूबाईंना नऊ वर्षं होती, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दंडात सुई टोचायचं काम वेंकटरावांनी एकदाही न चुकवता केलं होतं. पण मांजर?

"उद्या म्हणाल, कावळ्यास बीपी जालं," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

वेंकटराव हसले नाहीत. तंजावूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेला माणूस तो. पुरावा हाती आल्याशिवाय बोलायचा नाही, आणि हाती आला की गप्प बसायचा नाही. मांजर विहिरीजवळच्या बादलीत तोंड घालून दिवसभर पाणी पीत होतं. दोन माणसांचं खाऊनही पाठीची हाडं दिसू लागली होती. मागचे पाय टाचांपर्यंत टेकवून, म्हातारा जिना उतरतो तसं चालत होतं. वेंकटरावांनी त्याच्या मातीच्या तसराळ्यातली वाळू काढून धुतलेले बारीक गोटे भरले, तळाशी साचलेल्या मुताचे आठ थेंब टेस्ट ट्यूबमधल्या निळ्या द्रावणात सोडले आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळले. द्रावण विटेसारखं लाल झालं. सासूबाईंच्या वेळीही असंच व्हायचं.

मांजराचं नाव सरखेल. सासूबाई गेल्या त्या वर्षी ते परसातल्या भिंतीवरून आपण होऊन आलं आणि सगळ्या घराची तपासणी करून, वेंकटरावांच्या आरामखुर्चीत बसलं. त्याचा तो रुबाब पाहून वेंकटरावांनी त्याला राजांच्या दरबारातला हुद्दा दिला. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या कारकुनाला तो काही कळला नाही. त्याने केसपेपरवर 'सर्कल' असं लिहिलं, आणि नंबर आल्यावर "सर्कल! सर्कल!" अशी हाक मारली. सर्कल म्हणजे आमच्याकडे पोलीस इन्स्पेक्टर. गाय घेऊन बाहेर उभ्या असलेल्या एका माणसाने घाईघाईने बिडी विझवली.

दवाखान्यातली डॉक्टर नित्या नुकतीच शिकून आलेली होती. शुगरचं मांजर तिने पुस्तकातच पाहिलं होतं, आणि तसं तिने मोकळेपणी सांगितलं. मद्रासला आपल्या सरांना फोन करून तिने माहिती घेतली. इन्सुलिन दोन युनिट, दिवसातून दोनदा. दूध बंद, भात बंद. "मासे द्या. आणि आधी खाऊ घाला, मग सुई. पोटात काही नसताना सुई दिली तर शुगर एकदम उतरते आणि मांजर हातचं जातं," तिने बजावलं.

इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाच्या भांड्यामागे उभी राहिली. ते औषध कोणत्या जनावराच्या शरीरातून काढलेलं असतं हे लेबलावर छापलेलं होतं, पण ते वेंकटरावांनी आईलाही कधी वाचून दाखवलं नव्हतं आणि बायकोलाही नाही.

अडचण माशांची होती. त्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं, आणि सरखेलही चार वर्षं दहीभात खाऊन पक्का ब्राह्मण झाला होता. तोड काढली ती परसाच्या भिंतीपलीकडच्या भुवनेश्वरीने. तिचं घर मराठ्यांचं, मासे रोजचे. नवऱ्याचा एसटीडी बूथ होता. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला ती उकडलेल्या माशाची ताटली भिंतीवर ठेवी. सरखेल भिंतीवरच खाई, ताटली तिची ती नेई. मासा भिंतीच्या अलीकडे यायचा नाही, असा करार भागीरथीबाईंनी केला होता.

"आणि मांजर अलीकडे आलं, त्याच्या पोटात मासा असला तर?" भुवनेश्वरीने विचारलं होतं.

"पोटातलं पोटात. ते मी बघत नाही."

सात वाजता सुई. आठवड्यातून दोनदा तपासणी. तिचा निकाल वेंकटरावांनी साड्यांच्या रंगांत सांगायचा, असंही ठरलं, कारण स्वयंपाकघराच्या दाराशी मुताची गोष्ट भागीरथीबाईंनी ऐकून घेतली नसती. "आज अरक्कु," म्हणजे लाखेसारखं तांबडं, वाईट. "आज जरा पिवळी." मे महिन्यात एकदा ते हातात ट्यूब धरून परसातूनच ओरडत आले, "पोपटी! पोपटी!" आणि भागीरथीबाईंनी "बरं बरं, ओरडू नका," म्हणून पाठ फिरवली. पण त्या दिवशी त्यांनी सरखेलाच्या पाण्याची कुंडी स्वतः घासली. हाताने नव्हे, काथ्याने. मांजराला त्यांनी चार वर्षांत हात लावला नव्हता. बाजूला सारायचं झालं तर त्या वर्तमानपत्राची सुरळी वापरत.

१९९७च्या जून महिन्यात सासूबाईंचं श्राद्ध आलं.

श्राद्धाच्या स्वयंपाकाला त्या घरात दुसरा हात लागत नसे. सासूबाईंनी भागीरथीबाईंना शिकवलं तसंच सगळं व्हायचं: पहाटे विहिरीवर स्नान, सोवळ्यातलं नऊवारी, आणि मग ब्राह्मण जेवून उठेपर्यंत कुणाला शिवायचं नाही, घरात कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी भिंतीपाशी जाऊन भुवनेश्वरीला सांगितलं, "उद्या सकाळी मासा नको गं. श्राद्ध आहे. वाससुद्धा नको. ब्राह्मण गेले की मी हाक मारते."

"सरी अक्का," म्हणून तिने मान डोलावली.

भागीरथीबाईंच्या हिशेबात गोष्ट सरळ होती. मासा नाही म्हणजे खाणं नाही, खाणं नाही म्हणजे सुई नाही. दुपारी मासा, दुपारी सुई. हे मुद्दाम बोलून दाखवावं असं त्यांना वाटलं नाही.

वेंकटरावांचा हिशेबही तितकाच सरळ होता. एकदा स्नान करून ओलं नेसलं की मांजराला शिवता येणार नाही. म्हणून त्यांनी सहालाच सरखेलाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सुई दिली. साडेसहाला ताटली येईलच. अर्धा तास इकडे की तिकडे. हेही मुद्दाम बोलून दाखवावं असं त्यांना वाटलं नाही. आणि ते स्नानाला गेले.

साडेसात वाजता सरखेल स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येऊन ओरडू लागला. भागीरथीबाई उडीद वाटत होत्या.

"आज सगळेच थांबलेत. तूही थांब," त्या आतूनच म्हणाल्या.

तो थांबला नाही. नऊपर्यंत ओरडत राहिला. मग गप्प झाला, तेव्हा त्यांना बरं वाटलं.

दहा वाजता सांबशिव शास्त्री आणि त्यांच्याबरोबरचे अप्पाजी आले. दोघंही घरचेच, वर्षानुवर्षांचे. शास्त्री साठीतले, गोल पोटाचे, मोठ्या आवाजाचे. अप्पाजी उंच, वाळलेले, कधी फारसं न बोलणारे. पुढच्या खोलीत पाट मांडले गेले, वेंकटरावांनी दर्भाची अंगठी घातली, संकल्प सुरू झाला. आत पायस उतरलं होतं, केळ्यांची भाजी झाली होती, भात निवत होता, वड्यांचा पहिला घाणा निघाला होता. दहा वाजून वीस मिनिटांनी भागीरथीबाई केळीची पानं धुवायला विहिरीपाशी गेल्या, आणि धुण्याच्या दगडाच्या कडेला त्यांना सरखेल दिसला.

तो झोपलेला नव्हता. कुशीवर पडला होता, डोकं एकीकडे वळलेलं, तोंडातून लाळ, आणि मागचा एक पाय आपोआप झटके देत होता. डोळे उघडे होते, पण त्यांच्याकडे पाहत नव्हते.

"सरखेला," त्यांनी हाक मारली. कानही हलला नाही.

त्यांनी हे पाहिलं होतं. सासूबाईंना एकदा, दिवाळीच्या आधी, न्हाणीघराच्या दाराशी. पण सुई दिली नसेल तर असं कसं होईल? त्या पुढच्या खोलीच्या दाराशी गेल्या. विधी चालू असताना नवऱ्याला हाक मारायची नाही, हेही सासूबाईंनीच शिकवलेलं.

"अहो, आज सरखेलास सुई दिली काय?"

मंत्र थांबले. वेंकटरावांनी वळून पाहिलं. "सहा वाजता. का?"

"त्याने काही खाल्लं नाही. मासा नको म्हणून मीच सांगितलं होतं."

"मला नाही सांगितलंस!"

"तुम्ही सहालाच दिली, हे मला सांगितलंत?"

वेंकटराव उठायला लागले. शास्त्रींनी हात आडवा केला. "संकल्प झालाय. आता उठता येणार नाही. झालंय तरी काय?"

"मांजर मरतंय," वेंकटराव म्हणाले. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा एकदम उतरला होता. असा चेहरा भागीरथीबाईंनी चार वर्षांपूर्वी, याच तिथीला पाहिला होता.

"बसा तुम्ही. मी बघते," त्या म्हणाल्या.

काय करायचं ते त्यांना माहीत होतं: गोड. मध श्राद्धासाठी काढूनच ठेवला होता, बरणी स्वयंपाकघरात होती. आणि तेवढ्या घाईतही त्यांनी नियम सोडला नाही. आधी सोवळ्यातल्या हाताने पानाच्या द्रोणात मध घेतला, द्रोण बाहेर दगडावर ठेवला, आणि मग त्या खाली बसल्या. मांजराला शिवलं की आपलं सोवळं गेलं, पण आतलं अन्न शाबूत राहील. पुन्हा स्नान केलं की झालं.

त्यांनी सरखेलाचं डोकं मांडीवर घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते फार हलकं होतं. द्रोण तोंडाशी नेऊन मध ओतला, तो जसाच्या तसा दुसऱ्या बाजूने वाहून पदरावर आला.

"ओतू नकोस!" पुढच्या खोलीतून वेंकटरावांचा आवाज आला. दारांच्या रांगेतून त्यांना मागचं दिसत नव्हतं, पण बायकोची घाई त्यांना ठाऊक होती. "ठसका लागून जाईल! हिरड्यांना चोळ! बोटाने!"

द्रोणात मध उरला नव्हता.

बरणी वीस पावलांवर होती. चुलीच्या शेजारी, पायसाच्या, भाताच्या, वड्यांच्या मधोमध. आणि त्यांच्या हातांना मांजराची लाळ होती, लुगड्याला केस होते. हाक मारावी असं बाईमाणूस घरात दुसरं नव्हतं. भागीरथीबाईंनी एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. मग सरखेलाचं डोकं धुवायला आणलेल्या केळीच्या पानावर ठेवून उठल्या, ओलांडू नये तो उंबरा त्याच पायांनी ओलांडला, मांजराला शिवलेल्या हाताने बरणी उचलली आणि तिच्यात चार बोटं बुडवली.

त्यांनी त्याच्या ओठाखाली, वरच्या हिरड्यांवर, खालच्या हिरड्यांवर, जिभेच्या कडेला मध चोळला. थांबल्या. पुन्हा चोळला. बारीक दात बोटांना लागत होते. पुढच्या खोलीत मंत्र पुन्हा सुरू झाले होते, पण दर ओळीनंतर वेंकटराव ओरडत होते, "गिळतोय काय?" आणि त्या ओरडत होत्या, "नाही अजून!" शास्त्रीही मग दर ओळीनंतर आपण होऊन थांबू लागले.

"भुवने!" भागीरथीबाईंनी भिंतीकडे तोंड करून हाक मारली. "मासा आण! असेल तसा आण!"

भुवनेश्वरी भिंतीवरून डोकावली. "ब्राह्मण गेले काय अक्का?"

"आत बसलेत. तू मासा आण!"

सहा मिनिटांनी पायाचा झटका थांबला. नऊ मिनिटांनी सरखेलाने जीभ बाहेर काढून आपलंच नाक चाटलं. अकराव्या मिनिटाला त्याने भागीरथीबाईंच्या तर्जनीला, चांगलं रक्त येईल इतकं, चावा घेतला.

"चावला!" त्या ओरडल्या. "चावला हो!"

पुढच्या खोलीत वेंकटरावांनी काय केलं ते त्यांना दिसलं नाही. शास्त्रींचा मात्र खणखणीत आवाज ऐकू आला, "आता तरी इकडे लक्ष द्या!"

भुवनेश्वरीने थंड उकडलेल्या माशाचे तुकडे आणले होते. भिंतीवर चढायची सरखेलात ताकद नव्हती. भागीरथीबाईंनी ताटली घेतली आणि भिंतीच्या अलीकडे, विहिरीच्या दगडावर ठेवली. तो बसूनच खाऊ लागला, मध्येच कलंडत, पुन्हा सावरत.

"अक्का," भुवनेश्वरी हळूच म्हणाली, "मी कुणास सांगणार नाही हं."

भागीरथीबाईंनी आपले हात पाहिले. मध, लाळ, केस, रक्त आणि आता मासा. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. कुणी काही पाहिलं नव्हतं. विहिरीवर दोन घागरी अंगावर ओतून त्या पुन्हा आत जाऊ शकत होत्या, आणि एकच्या ठोक्याला पानं वाढली गेली असती. ज्या सासूबाईंसाठी ती वाढायची, त्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्याचं उत्तर त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

त्या पुढच्या खोलीच्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"शास्त्रीबुवा, मांजरास शिवलेल्या हाताने मी आत गेले. मधाच्या बरणीत हात घातला. स्वयंपाक सगळा तिथेच होता."

शास्त्रींनी हातातली पळी खाली ठेवली. "मांजर?"

"खातंय."

"मग हे मला सांगितलंत कशास?" त्यांनी कपाळावर हात मारला. "सांगितलं नसतंत तर मी जेवलो असतो ना! अहो, मला पण शुगर आहे. सकाळी गोळी घेऊन आलोय!"

"गोळी घेतलीत आणि पोटात काही नाही?" भागीरथीबाईंचा आवाज चढला. "मग तुमच्यात आणि त्या मांजरात फरक काय? किती वाजता घेतलीत?"

"आठ. पण मी चार इडल्या खाऊन आलोय," शास्त्री म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की श्राद्धाला उपाशी यायच्या ब्राह्मणाने हे बोलायचं नव्हतं.

अप्पाजी खाली मान घालून दर्भ सारखे करू लागले. वेंकटराव छताकडे बघू लागले.

"डॉक्टर म्हणाले, उपाशी गोळी घ्यायची नाही," शास्त्री पुटपुटले.

"डॉक्टरचं ऐकायचंच," भागीरथीबाई म्हणाल्या. "स्वयंपाक मी पुन्हा करते. वेळ आहे काय?"

शास्त्रींनी उन्हाकडे पाहिलं. "अपराह्णाची वेळ साडेतीनपर्यंत आहे. एकटीने होईल?"

"नाही होणार," त्या म्हणाल्या. असं त्या या घरात पहिल्यांदाच म्हणाल्या.

मग पुढचे साडेतीन तास त्या घरात जे चाललं ते आधी कधी चाललं नव्हतं. झालेला सगळा स्वयंपाक भिंतीवरून भुवनेश्वरीकडे गेला. "अक्का, तुमचं सोवळं मोडलं की आमच्याकडे सण," ती म्हणाली आणि पायसाचं पातेलं घेताना बोट चाटलं. भागीरथीबाईंनी विहिरीवर स्नान केलं, ओलंच नेसलं, स्वयंपाकघर धुऊन काढलं. वाटलेल्या उडदाचा निम्मा गोळा मागच्या खोलीत झाकून होता, तेवढा वाचला. शास्त्रींनी पंचा कमरेला खोचून कच्ची केळी सोलायला घेतली. अप्पाजी नारळ खवू लागले. स्वयंपाक होईपर्यंत शास्त्रींनीच वेंकटरावांना उठायची सूट दिली, आणि त्यांना चुलीसमोर दूध ढवळायला बसवलं.

"शास्त्रीबुवा, साल जाड काढताय. केळं उरेल काय भाजीस?"

"चाळीस वर्षं श्राद्धं जेवतोय, सोलतोय आज पहिल्यांदा."

"दिसतंय ते. अप्पाजी, तुम्हास येतं हं. करवंटीचं काळं आलं नाही."

अप्पाजींनी हसून मान हलवली. "घरी मीच करतो," ते म्हणाले. दहा वर्षांत त्या घरात त्यांचं हे सगळ्यांत लांब वाक्य होतं.

"तुम्ही ढवळा," वेंकटरावांना त्या म्हणाल्या. "मान वळवून परसात बघू नका. दूध लागेल."

"एकदाच बघतो."

"मी बघितलंय. झोपलाय. पोट हलतंय."

पावणेतीनला पानं वाढली गेली. वडे मोजके होते, केळ्याच्या फोडी एकसारख्या नव्हत्या. शास्त्रींनी पायस दोनदा मागितलं आणि भागीरथीबाईंनी दुसऱ्यांदा वाढलं नाही. "शुगर आहे ना?" एवढंच म्हणाल्या. सव्वातीनला कावळ्याने पिंड उचलला.

संध्याकाळी वेंकटराव भुवनेश्वरीच्या नवऱ्याच्या बूथवरून डॉक्टर नित्याशी बोलून आले. आजची सुई नको, उद्यापासून एकच युनिट, दोन दिवसांनी दवाखान्यात आणा. त्यांनी तपासणी केली. द्रावण उकळूनही होतं तसं निळंच राहिलं, साखरेचा लेशही नाही. ते ट्यूब घेऊन मागच्या पायरीवर आले. भागीरथीबाई तिथे बसल्या होत्या, चावलेल्या बोटाला हळद लावून. सरखेल त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

"निळी," वेंकटराव म्हणाले. "मी त्याला मारलं असतं, भागी."

"मीही. दोघांनी मिळून."

"मी आता कागदावर लिहून भिंतीला लावतो. वेळ, मासा, सुई, सही..."

"कागद पोदुम," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात पुरे म्हणजे पोदुमच. "सुई तुमची. तुमचा हात हलका आहे. पण मी हो म्हटल्याशिवाय ती फ्रिजमधून निघणार नाही. खाल्लं की नाही, ते मी बघणार."

"भिंतीपाशी? माशासमोर?"

"मग काय मद्रासहून बघू?"

दुसऱ्या दिवशी साडेसहाला भागीरथीबाई नाकाला पदर लावून भिंतीपाशी उभ्या होत्या. सरखेल भिंतीवर बसून खात होता, अजून थोडा सावकाश. मागे दारात वेंकटराव रिकामी सिरिंज घेऊन हुकमाची वाट पाहत होते.

"वास सहन होतोय काय अक्का?" भुवनेश्वरीने विचारलं.

"होत नाही," पदराआडून भागीरथीबाई म्हणाल्या. त्या वाकून ताटलीत बघत होत्या. "पण तू त्याला शेपटीकडचा तुकडा का घालतेस? बघ, ठेवून देतो तो. मधला घाल."